पावसाळ्यात हलायचं नाही

नाशिकमधलं सर्वांत जुनं होस्टेल कोणतं, असं आमच्या रेक्टर मॅडमना कुणी विचारलं, तर त्या क्षणभरही न थांबता सांगायच्या, "लेणी."

विचारणाऱ्याला वाटे, बाईंना प्रश्न नीट ऐकू आला नाही. तो पुन्हा म्हणे, "मी होस्टेल म्हणतोय, राहायचं."

"राहायचंच. एका माणसाला एक खोली, खोलीत एक कॉट, पुढे सगळ्यांचा मिळून व्हरांडा, कोपऱ्यात पाण्याची टाकी, आणि जेवण बाहेरचं. होस्टेल म्हणजे आणखी काय असतं?"

कॉट दगडाची होती, एवढाच काय तो फरक. आमच्या होस्टेलमधल्या गाद्यांवर जी झोपलीय तिला तोही फरक फारसा जाणवला नसता.

होस्टेल पंचवटीत, गंगेपासून हाकेच्या अंतरावर होतं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. एका ट्रस्टच्या कॉलेजला जोडलेलं ते मुलींचं होस्टेल. मुली चांदवड-देवळ्याकडच्या, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातल्या, आणि माझ्यासारख्या सटाण्याकडच्या. मॅडम त्याच कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना घर नव्हतं, संसार नव्हता, म्हणून ट्रस्टनं त्यांच्याकडे होस्टेल सोपवलं. आपण एका एकट्या बाईची सोय करतोय असं ट्रस्टला वाटलं असावं. मॅडमना मात्र वाटलं, आपल्या हाती एक विहार आला.

वडील मला सोडायला आले होते. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "मुलगी उताणी झोपते की कुशीवर?"

वडील गांगरले. मार्क किती, जात कोणती, आजार कोणता, अशा सगळ्या प्रश्नांची तयारी करून ते आले होते. "कुशीवर असेल," ते चाचरत म्हणाले.

"उजव्या?"

"असेल."

"उत्तम. तथागत उजव्या कुशीवर झोपत. मग मला काही काळजी नाही."

स्टँडवर बसमध्ये चढताना वडील मला म्हणाले, "बाई विद्वान दिसताहेत." मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "पण जरा जपून राहा."

मॅडम उंच आणि सडपातळ होत्या. पांढरं सुती पातळ, पायात कॅनव्हासचे बूट आणि बारा महिने हातात काळी छत्री. आयुष्यभर शिलालेख वाचल्यामुळे त्यांचं बोलणंही शिलालेखासारखं झालं होतं. ठाशीव, एकेक अक्षर सुटं, आणि मधेच तुटलेलं. बोलता बोलता पुढचं आठवलं नाही, तर त्या जराही न ओशाळता सांगत, "पुढची अक्षरं झिजली आहेत." हे वाक्य आम्ही सगळ्यांनी उचललं. आमच्यातल्या एकीनं ते तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनाही ऐकवलं. ते इतके चक्रावले की त्यांनी तिला पास केलं.

त्यांचे वडील कारकून होते. नाशिकरोडला बौद्ध वस्तीत त्यांचं घर होतं. दर बुद्धपौर्णिमेला घरची सगळी माणसं डबा बांधून लेण्यांवर जात. तिथे जेवण झालं की मोठी माणसं बाहेर गप्पा मारत बसायची आणि ही मुलगी एखाद्या खोलीतल्या दगडी ओट्यावर जाऊन झोपायची. "इतकी गाढ झोप मला पुन्हा कुठे लागली नाही," त्या सांगत. त्या ओट्यानंच त्यांना इतिहासाकडे नेलं आणि आम्हालाही त्याच ओट्यावर नेलं, तेही अक्षरशः.

पहिल्याच रविवारी त्यांनी सगळ्या नव्या मुलींना सिटी बसनं लेण्यांवर नेलं. पायऱ्या चढून वर पोचलो तेव्हा आमच्या जिभा बाहेर आल्या होत्या. त्यांनी आम्हाला एका मोठ्या विहारात नेलं आणि एकेका खोलीत एकेकीला पाठवून हुकूम सोडला, "झोपा."

आम्ही झोपलो. दगड गार होता, अंधार होता, बाहेर वटवाघळांचा वास होता. मॅडम दारादारातून फिरत विचारत होत्या, "पाय पुरतात का? डोकं टेकतं का?" इतक्यात पहारेकरी धावत आला.

"ओ मॅडम! इथं झोपायला मनाई आहे."

"ज्यांनी हे खोदलं त्यांनी झोपायलाच खोदलं होतं."

"असंल," पहारेकरी म्हणाला. "पण त्यांना तिकीट नव्हतं."

मॅडम म्हणाल्या, "मुद्दा बरोबर आहे. उठा गं."

बाहेर एक कुटुंब फोटो काढत होतं. त्यांच्यातल्या आजोबांनी मॅडमना विचारलं, "ताई, यातली भीमाची खोली कुठली?" लेण्यांना पांडवलेणी म्हणतात, त्यामुळे हा प्रश्न तिथे रोज येत असणार.

"पांडव इथे आले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "आले असते तर त्या दारातून भीम आत गेला असता का, तुम्हीच सांगा."

आजोबांनी दार नीट पाहिलं. "आडवा होऊन गेला असता," ते म्हणाले. मॅडमनी तोही मुद्दा मान्य केला. समोरच्याचं बोलणं पटलं की त्या तिथल्या तिथे शरण जात. ट्रस्टची माणसं त्यांना हट्टी म्हणत, पण त्या हट्टी नव्हत्या. ट्रस्टमधलं कुणी त्यांना पटेल असं काही बोलत नसे, एवढंच.

उतरण्याआधी त्यांनी आम्हाला भिंतीवरचा एक लेख दाखवला. एका राजाच्या जावयानं ही लेणी भिक्खूंना दिली आणि जे इथे पावसाळा काढतील त्यांच्या कपड्यांची सोय लावून ठेवली, असा त्याचा अर्थ. "म्हणजे तुमची शिष्यवृत्तीच," मॅडम म्हणाल्या. "वेळेवर मिळत होती की नाही, ते मात्र कोरलेलं नाही." मग छत्रीचं टोक वर करून त्यांनी पुन्हा सांगितलं, "जे पावसाळा काढतील त्यांना. हे लक्षात ठेवा."

लक्षात ठेवायची वेळ आषाढात आली. पौर्णिमेला बोर्डावर त्यांच्या अक्षरात सूचना लागली. आजपासून वर्षावास. आश्विन पौर्णिमेपर्यंत कुणीही मुक्काम हलवू नये. कॉलेजला जावे, बाजाराला जावे, परंतु रात्रीला इथेच असावे.

मॅडमनी समजावून सांगितलं. पूर्वी भिक्खू एरवी वर्षभर हिंडत, पण पावसाळ्यात एका जागी राहत. चिखलातून चाललं की किडे मरतात, रोपं तुडवली जातात आणि माणसाचा अभ्यास होत नाही. "तिसरं कारण तुम्हाला लागू," त्या म्हणाल्या.

दर शनिवारी घरी पळणाऱ्या आम्ही. आमच्यावर आकाश कोसळलं. मी आईला फोन केला. आई म्हणाली, "तुनी मॅडम येडी शे का?" मी म्हटलं, थोडी आहे. "मंग जेवाले तरी देस का?" देते, म्हटलं. आईनं विचार केला असावा. "मंग ऱ्हाय," ती म्हणाली.

नियमाला सूट नव्हती असं नाही. आईवडील आजारी असले तर सात दिवस जाता येई. आणि राहत्या जागी वाघ, साप, चोर, आग, पूर किंवा पिशाच्च यांचा उपद्रव झाला, तर मुक्काम मोडायला परवानगी होती. हे मॅडमनी मनचं काढलेलं नव्हतं, जुन्या नियमांतच तसं होतं. आम्ही एकेक करून सगळं वापरून पाहिलं.

पहिला अर्ज पिशाच्चाचा होता. वरच्या मजल्यावरच्या दोघींनी दिला. मॅडम दुपारचं जेवण आटोपून त्यांच्या खोलीत गेल्या आणि खुर्ची टाकून पाच वाजेपर्यंत बसल्या. मग उठून म्हणाल्या, "आलं नाही. आलं की मला हाक मारा, कितीही वाजले तरी. मला त्याच्याशी बोलायचंय."

मग गंगापूर रोडला बिबट्या शिरला. नाशिकला तो अधूनमधून येतच असतो. एक जण वर्तमानपत्र घेऊन धावत ऑफिसात गेली. मॅडमनी बातमी शेवटपर्यंत वाचली. "तो गंगापूर रोडला आहे. आपण पंचवटीत. आणि नियमात वाघ आहे, बिबट्या नाही."

पूर मात्र खराखुरा आला. धरणातून पाणी सोडलं आणि गंगा फुगली. नाशिकला पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीवर. नदीच्या पात्रात उभी असलेली ती उंच मूर्ती किती बुडाली, त्यावर सगळं शहर पुराची गोष्ट करतं. आम्ही बॅगा भरून जिन्यात बसलो. मॅडम छत्री घेऊन स्वतः बघायला गेल्या आणि चिंब होऊन परत आल्या. "कमरेपर्यंत आहे," त्या म्हणाल्या. "छातीला लागलं की बघू." मारुतीच्या छातीला पाणी लागावं म्हणून आमच्या होस्टेलमध्ये त्या दिवशी जितक्या प्रार्थना झाल्या, तितक्या पाऊस लांबतो त्या वर्षीसुद्धा होत नसतील. पाणी संध्याकाळी उतरलं.

आश्विनात ज्या मुली न हलता राहिल्या होत्या त्यांना मॅडमनी एकेक भगवा टॉवेल दिला. भिक्खूंना पावसाळ्यानंतर चीवर, म्हणजे नवं वस्त्र मिळतं, त्याच्याऐवजी हा. तो इतका रंग सोडायचा की आम्ही दोन धुण्यांत सगळे कपडे भगवे करून घेतले.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मी दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हा ते हसणं बंद झालं.

माझ्या खोलीत हिरा राहायची. पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. घरची भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची शेती, आणि भात निघाला की सगळं घर द्राक्षाच्या बागांवर मजुरीला. हिरा त्या घरातली कॉलेजला आलेली पहिलीच. फार कमी बोलायची. अभ्यास करताना ओठ हलायचे, तेवढाच तिचा आवाज.

ते सिंहस्थाचं वर्ष होतं. शहरभर रस्ते खणलेले, घाटांना रंग लागलेला, आणि पंचवटीत ज्याच्याकडे रिकामी खोली असेल तो मोठा माणूस झालेला. एक दिवस ट्रस्टचे अध्यक्षसाहेब होस्टेलवर आले. उत्तरेकडचे एक मोठे महंत त्यांचे पाहुणे म्हणून येणार होते, मोठ्या लवाजम्यासह. होस्टेल दोन महिने त्यांना द्यायचं ठरलं होतं. मुलींनी घरी जावं, पर्वण्या आटोपल्या की परत यावं.

ते ऐकल्यावर बाकीच्या मुली उड्या मारायला लागल्या. हिरा खोलीत आली आणि दोरीवरचे कपडे घड्या करायला लागली. सगळेच. हिवाळ्याची शालसुद्धा.

"अगं, दोन महिन्यांचाच प्रश्न आहे," मी म्हटलं.

"मामानं पोरगा बघून ठेवलाय," ती म्हणाली. "बाबा म्हणतो, शिकते तवर शिकू दे, घरी आली की बघू. आता मी घरी चालले."

मी तिला ओढतच ऑफिसात नेलं. अध्यक्षसाहेब अजून तिथेच होते. मॅडमनी हिराचं ऐकून घेतलं, तिला बाहेर बसायला सांगितलं आणि अध्यक्षसाहेबांकडे वळल्या. दार उघडंच होतं.

"मुलींना हलवता येणार नाही."

"का?"

"पावसाळा आहे."

"अहो मॅडम, कुंभमेळा आहे!"

"तो पावसाळ्यातच येतो. हे आधी बघायला हवं होतं."

अध्यक्षसाहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. "मॅडम, हा धर्माचा प्रश्न आहे."

"माझाही," मॅडम म्हणाल्या.

साहेब निघून गेले, पण दुसऱ्या दिवशी गाद्यांचा टेम्पो आला. तो मॅडमनी परत पाठवला. तिसऱ्या दिवशी नोटीस आली, ती त्यांनी वाचली आणि शुद्धलेखन सुधारून परत पाठवली. आणि मग, ज्या दिवशी आषाढ पौर्णिमेची सूचना बोर्डावर लागली, त्याच दुपारी महंत आले.

दोन ट्रक, एक मोठी गाडी, मागे भगव्या कपड्यांतली माणसं, कढया, तंबूचे बांबू, एक हार्मोनियम. अध्यक्षसाहेब हार घेऊन पुढे. आम्ही सगळ्या वरच्या गॅलरीत दाटीवाटीनं उभ्या. आणि फाटकात मॅडम, उघडलेली छत्री घेऊन.

गाडीचं दार उघडलं. महंत बरेच म्हातारे होते. गुडघे धरून हळूहळू उतरले. त्यांनी हार घालून घेतला, मग वर पाहिलं.

"ये बच्चियाँ कौन हैं?"

"जा रही हैं, महाराज," अध्यक्षसाहेब घाईनं म्हणाले. "आज ही जा रही हैं."

"नहीं जा रही," मॅडम म्हणाल्या. त्यांचं हिंदी आमच्यासारखंच होतं. "इनका बारिश का मुक्काम है. आज ही बैठा है. बीच में हलाने का नहीं."

महंतांनी भुवया वर केल्या. "चौमासा?"

"वही."

"लडकियों का?"

"माणूस कोणता पण चलता है."

एवढ्या वेळात पाऊस सुरू झाला. मॅडमनी छत्री महंतांच्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत उभ्या राहिल्या. महंत अध्यक्षसाहेबांकडे वळून शांतपणे म्हणाले, "चौमासे में तो हम भी नहीं हिलते. आज से यहीं बैठेंगे. और जो पहले से बैठा है, उसे उठाकर बैठें? हमसे ये पाप करवाओगे?"

अध्यक्षसाहेबांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला वरून दिसलं नाही, पण हातातला दुसरा हार त्यांनी चुकून स्वतःच्याच गळ्यात घातला, ते दिसलं.

मॅडमनी खालचा हॉल आणि अंगण पाहुण्यांना दिलं, पण फुकट नाही. बाहेरून मुक्कामाला येणाऱ्या भिक्खूनं कसं वागायचं, याचेही जुने नियम होतेच. त्यांनी ते फाटकातच सांगितले. चपला काढून झटकायच्या. पिण्याचं पाणी कुठलं नि वापरायचं कुठलं ते विचारायचं. आणि इथे सर्वांत ज्येष्ठ कोण, ते विचारून त्याला नमस्कार करायचा.

साधूंनी चपला झटकल्या. पाणी विचारलं. मग महंतांनी विचारलं, "यहाँ वरिष्ठ कौन है? आप?"

"मैं तो नौकर है," मॅडम म्हणाल्या. "ज्येष्ठता वयानं नाही मोजते. जिसने यहाँ जास्त पावसाळे काढे, वो ज्येष्ठ."

सगळ्यांनी वर पाहिलं. आमच्यात देवळ्याची एक ताई होती, इंग्रजीत पुन्हा पुन्हा नापास होऊन वर्षानुवर्षं तिथेच राहिलेली. तिला खाली बोलावलं. ती केस विंचरत होती, फणी तशीच डोक्यात. महंतांनी गुडघे सांभाळत तिला वाकून हात जोडले आणि मागच्या सगळ्या साधूंनीही जोडले. ताई रडायलाच लागली. नंतर म्हणाली, "घरी सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही. घरी मला चहासुद्धा कुणी विचारत नाही."

ते दोन महिने आम्ही जसं राहिलो तसं नाशकात कुणी राहिलं नसेल. अंगणात रोज शिरापुरी व्हायची आणि मेसवाला सुटी घेऊन गावाला गेला. व्हरांड्यातल्या एकुलत्या प्लगवर साधूंचे फोन रांगेत चार्ज होत. अंतर्गत परीक्षा लागल्या तेव्हा मॅडमनी महंतांना वेळापत्रक सांगितलं आणि भजनं पेपर सुटल्यानंतर व्हायला लागली. त्यांच्यात एक मौनी बाबा होते. त्यांचं मॅडमना फार कौतुक. "आदर्श निवासी! यांच्याकडे बघा," त्या आम्हाला सांगायच्या. बाबा कपडे धुताना सिनेमातली गाणी गुणगुणतात हे आम्हाला ठाऊक होतं, पण आम्ही ते मॅडमना कधी सांगितलं नाही. हिरानं एकदा स्वयंपाकाच्या साधूंना नागलीची भाकरी थापून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून महंतांना तीच लागायला लागली. हिरा भाकऱ्या थापता थापता त्यांना अर्थशास्त्राच्या व्याख्या म्हणून दाखवायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि ती चुकली नाही तर "साधु, साधु" म्हणायचे. त्यांना कळत काय होतं देव जाणे.

साधू चौमासा महिन्यांऐवजी पंधरवड्यांनी मोजत, त्यामुळे भाद्रपद पौर्णिमेलाच त्यांचा मुक्काम संपला. जाताना महंतांनी मॅडमना शाल दिली आणि अध्यक्षसाहेबांना उपदेश. शालीचं मॅडमना सुख वाटलं. उपदेशाचं साहेबांना काय वाटलं ते पुढे दिसलंच.

आश्विन पौर्णिमेला दुपारी मॅडमनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. या वर्षी त्यांनी एक नवीनच गोष्ट काढली. वर्षावास संपताना भिक्खू एकमेकांसमोर बसत आणि आपले दोष विचारून घेत, तसं आपणही करायचं. त्या आधी स्वतःच जमिनीवर बसल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "माझ्याकडून काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा नुसता संशय असेल, तरी सांगा."

कोपऱ्यातून एक आवाज आला, "मॅडम, तुमचे बूट फार वास मारतात."

बांध फुटला. तुम्ही बाथरूममध्ये पाली भाषेतल्या गाथा म्हणता, आम्हाला वाटतं कुणाला तरी फिट आली. डाळीत मीठ नाही असं म्हटलं की तुम्ही दोन हजार वर्षांपूर्वीचं सांगता. बिबट्या हा वाघच असतो. प्रत्येकीला मॅडम हात जोडून "मान्य आहे, सुधारेन" म्हणत होत्या. मग चांदवडची एक मुलगी उठली. ती हसत नव्हती. "गेल्या वर्षी माझी आजी आजारी होती. तुम्ही म्हणालात, नियमात आईवडील आहेत, आजी नाही. मी गेले तेव्हा ती बोलायची बंद झाली होती."

मॅडम उठल्या, तिच्यापाशी गेल्या आणि तिच्या पायाशी बसल्या. "हे चुकलं," त्या म्हणाल्या. बऱ्याच वेळानं तिनंच त्यांना हात धरून उठवलं.

सगळ्यांत शेवटी हिरा उभी राहिली. ती स्वतःहून बोलायला उभी राहिलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"मॅडम, पाऊस होता तवर तुम्ही आम्हाला हलू दिलं नाय. आता पाऊस संपला. दिवाळीची सुटी लागंल. आता मी काय करू?"

मॅडमकडे यावर नियम नव्हता. आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघत राहिलो.

"मी येते तुझ्याबरोबर," त्या म्हणाल्या.

पुढचं मला हिरानं सांगितलं. दिवाळीत दोघी एस.टी.नं पेठला आणि तिथून जीपनं पाड्यावर गेल्या. हिराला वाटलं, मॅडम बाबाला शिक्षणाचं महत्त्व सांगतील. मॅडमनी तसलं काहीच केलं नाही. त्या ओट्यावर बसल्या. चार दिवस झाले, आठवडा झाला, त्या हलल्याच नाहीत. हिराच्या आईबरोबर भात पाखडत, शेळीशी पालीत बोलत, आणि घरात उजवी कूस कुठल्या दिशेला येते ते बघून सगळ्यांच्या अंथरुणांच्या जागा बदलत. हिराचा बाप सभ्य माणूस. पोरीची मास्तरीण, तिला जा कसं म्हणणार?

मामा पोराकडच्यांना घेऊन आला तेव्हा ओट्यावर मॅडम होत्याच. त्यांनी पोराला जवळ बसवून विचारलं, "बाळ, तू एका जागी किती पावसाळे काढलेस?" पोरगा मजुरीला हिंडणारा. तो म्हणाला, "पावसाचं घरीच असतो, बाय." मॅडम इतक्या खूष झाल्या, की त्यांनी त्याला उठून नमस्कार केला आणि लेण्यातला अख्खा लेख मोठ्यानं म्हणून दाखवला.

पोराकडच्या म्हाताऱ्यानं हिराच्या बापाला बाजूला घेऊन विचारलं, "ही कोण?"

बाप बिचारा थकलेला. "घरचीच हाय," तो म्हणाला.

"कवापासून अशी?"

"आली तवापासून."

पोराकडचे चहा न पिताच गेले. दोन दिवसांनी मामाकडून निरोप आला. पोरीच्या आत्याचं डोकं फिरलेलं आहे, घराण्यात वेड आहे, आम्हाला हे जमायचं नाही. हिरानं हे मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "आत्या म्हणाले की मावशी?"

"आत्या."

"बापाकडून धरलं म्हणजे," मॅडम समाधानानं म्हणाल्या.

सुटी संपली त्या दिवशी मी होस्टेलवर परतले होते आणि फाटकातच उभी होते. समोरून हिरा, मॅडम आणि हिराचा बाप येताना दिसले. बापाच्या डोक्यावर तांदळाचं गाठोडं. तो मला बघून म्हणाला, "पोर राहू दे इथं, कितीबी शिकू दे. पण या बायला आता तुम्ही सांभाळा. आमची शेळी दूध देईना झालीय."

व्हरांड्यात मॅडमची ट्रंक, स्टोव्ह आणि पुस्तकांची खोकी बाहेर काढून ठेवलेली होती. ऑफिसात मॅडमच्या खुर्चीवर एक नव्या बाई बसल्या होत्या. त्यांनी खाली मान घालूनच सांगितलं की ट्रस्टनं व्यवस्था बदलली आहे, कालपासून रेक्टर त्या आहेत, आणि सामान आजच न्यायचं आहे.

मॅडम ट्रंकेजवळ उभ्या राहिल्या. त्या रागावल्या नाहीत. कुठे जायचं हेच त्यांना कळत नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. नाशिकरोडचं घर कधीच गेलं होतं. आम्ही दोघी-तिघी रडायला लागलो. कुणीतरी म्हणालं अध्यक्षांकडे जाऊ, कुणी म्हणालं महंतांना फोन करू. मॅडम फक्त ट्रंकेच्या कडीवरून हात फिरवत राहिल्या.

हिराच्या बापानं गाठोडं खाली ठेवलं. त्यानं ट्रंकेकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. त्याला सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं कमरेचं फडकं सोडलं, त्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि मला म्हणाला, "हात लाव गं, पोरी." आम्ही ट्रंक उचलून त्याच्या डोक्यावर दिली.

"चला, बाय," तो मॅडमना म्हणाला. "पेठची गाडी लागली असंल."

हिरानं घाईघाईनं पुस्तकांचं एक खोकं उचललं आणि ती त्याच्या मागे निघाली. बाप ट्रंक तोलत मोठ्या कष्टानं वळला.

"तू कुठं निघाली?" तो म्हणाला. "ते खोकं बायकडं दे. तू वर जा. अभ्यासाला बस."